बेडकाचं हृदय आणि ओटो लोवी

स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मीही शाळेच्या आठवणी लिहायला बसले होते. दोन परिच्छेद लिहिले आणि खोडले. मधली सुट्टी, सहली, सरांचा मार हे सगळं आपल्यातले बाकीचे लोक माझ्यापेक्षा फार छान लिहितील. निबंधात मला कधीच १० पैकी ६ च्या वर मार्क पडले नाहीत, हे मराठीच्या बाईंना आठवत असेलच.

म्हणून मी एका माणसाची गोष्ट सांगते. तो आपल्या गावात कधी आला नाही. मी जन्मायच्या आधीच तो गेला. पण त्याच्या गोष्टीची सुरुवात मात्र आपल्या प्रयोगशाळेत झाली असं मी मानते. नववीत जीवशास्त्राच्या बाईंनी बेडूक कापून दाखवला होता, तो दिवस आठवतो? मागच्या बाकावरची दोघं बाहेर पळाली होती (नावं लिहीत नाही, दोघंही आता मोठ्या हुद्द्यावर आहेत). बाईंनी बेडकाचं हृदय काढून मिठाच्या पाण्यात ठेवलं आणि ते धडधडतच राहिलं. शरीर नाही, मेंदू नाही, तरी चालूच. मी आपली त्या वाटीकडे बघत उभी होते. घंटा झाली तरी ते थांबलं नव्हतं.

त्याच हृदयाच्या जोरावर ज्याला नोबेल मिळालं, तो ओटो लोवी.

लोवी ३ जून १८७३ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्टला एका ज्यू कुटुंबात जन्मला. वडील द्राक्षदारूचे व्यापारी. पोराला विज्ञानाची अजिबात ओढ नव्हती. त्याला शिकायचा होता कलेचा इतिहास: जुनी चित्रं, चर्च, शिल्पं. घरच्यांनी डॉक्टरकीला घातलं. आपल्याकडे जे होतं तेच, फक्त शंभर वर्षं आधी. स्ट्रासबर्गला वैद्यकीच्या वर्गात नाव घातलेला हा मुलगा प्रत्यक्षात तत्त्वज्ञानाच्या आणि कलेच्या व्याख्यानांना जाऊन बसायचा. पहिली वैद्यकीय परीक्षा कशीबशी सुटला. पुढे चांगले शिक्षक भेटले आणि गडी रुळावर आला. १८९६ साली पदवी मिळाली. प्रबंधासाठी त्यानं बेडकाच्या सुट्या हृदयावर निरनिराळ्या विषांचा काय परिणाम होतो ते तपासलं होतं. म्हणजे बेडूक तेव्हापासूनच त्याच्या मागे लागला होता.

पदवीनंतर तो फ्रँकफर्टच्या इस्पितळात काम करू लागला. क्षयाचे आणि न्यूमोनियाचे रोगी एकामागोमाग एक मरत होते आणि डॉक्टरांच्या हातात देण्यासारखं काही नव्हतं. हे त्याला सोसवेना. त्यानं रोग्यांची खोली सोडली आणि औषधं शरीरात नेमकं काय करतात हे शोधायच्या शाखेत, म्हणजे औषधशास्त्रात, मारबुर्गला हान्स मायर यांच्या हाताखाली गेला. याला पळ काढणं म्हणावं की शहाणपण, हे मी ठरवू शकत नाही. मीही इंजिनिअरिंगला गेले त्याचं एक कारण, मला रक्त बघवत नाही.

त्या काळातला मोठा वाद असा होता: एका चेतापेशीकडून दुसरीकडे, किंवा चेतातंतूकडून स्नायूकडे निरोप जातो तो कशानं? विजेनं की रसायनानं? बहुतेकांना वाटे, विजेनंच. मज्जातंतूतून वीज वाहते हे दिसतच होतं, मग टोकाशी आल्यावर तीच उडी मारत असणार. १९०२ साली लोवी इंग्लंडला गेला, तिथे हेन्री डेल नावाच्या तरुणाशी त्याची जी मैत्री जमली ती आयुष्यभर टिकली. १९०३ साली एका इंग्रज मित्राशी गप्पा मारताना लोवीनं बोलून दाखवलं, की तंतूच्या टोकाशी कदाचित एखादं द्रव्य बाहेर सुटत असेल आणि तेच निरोप देत असेल. मग तो ते विसरून गेला. सिद्ध कसं करायचं हे सुचलं नाही, म्हणून विषय मागे पडला. व्हिएन्ना झालं, १९०८ साली गुईडाशी लग्न झालं, १९०९ साली ऑस्ट्रियातल्या ग्रात्सला प्राध्यापकी मिळाली, चार मुलं झाली, एक महायुद्ध होऊन गेलं. गप्पांमधली ती कल्पना सतरा वर्षं तशीच पडून राहिली.

आता स्वप्नाची गोष्ट. ही विज्ञानातली सगळ्यात जास्त सांगितली गेलेली गोष्ट असेल, तरी मी सांगणारच.

ईस्टरच्या आदल्या रात्री लोवी दचकून जागा झाला, दिवा लावला, एका चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा झोपला. सकाळी सहा वाजता उठल्यावर एवढं आठवलं की रात्री आपण फार महत्त्वाचं काही लिहिलंय. पण अक्षर लागेना! तो दिवस त्यानं चिटोरं उलटंसुलटं करण्यात घालवला. (रात्री दोन वाजता लिहिलेली स्वतःची कॉमेंट सकाळी न कळणं म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.) दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न परत पडलं. या वेळी तो लिहीत बसला नाही. उठून थेट प्रयोगशाळेत गेला. हे १९२० साली घडलं की १९२१, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, कारण लोवीनं स्वतःच दोन्ही सालं सांगितली. शोधनिबंध मात्र १९२१ चा आहे.

प्रयोग असा. दोन बेडकांची हृदयं घेतली. पहिल्याला व्हेगस नावाचा मज्जातंतू जोडलेला ठेवला, दुसऱ्याचे तंतू काढून टाकले. दोन्ही हृदयांत खारं पाणी भरलं. व्हेगसला विजेचा झटका दिला की हृदयाची गती मंदावते हे आधीपासून माहीत होतं. तसा झटका देऊन पहिलं हृदय मंद केलं. मग त्यातलं पाणी काढून दुसऱ्या हृदयात घातलं. दुसऱ्याला तंतू नाही, झटका नाही, काही नाही. तरी तेही मंदावलं.

वीज काही पाण्यातून ओतून नेता येत नाही. म्हणजे तंतूनं पाण्यात काहीतरी सोडलं होतं. लोवीनं त्याला व्हेगसचं द्रव्य एवढंच नाव दिलं. काय आहे हे माहीत नसताना उगाच भारदस्त नाव न देणं, हा त्याचा गुण मला फार आवडतो.

पुढे त्यानं प्रांजळपणे कबूल केलंय, की दिवसाउजेडी नीट विचार केला असता तर हा प्रयोग त्यानं केलाच नसता. तंतूच्या टोकाशी सुटणारं द्रव्य असलं तरी चिमूटभर असणार, ते पाण्यात उतरून पुरेसं कसं उरेल? तर्क बरोबर होता. नशिबानं बेडूक आणि हवामान दोन्ही साथीला होतं. इतरांनी प्रयोग करून बघितला तेव्हा बऱ्याच जणांना जमला नाही आणि लोवीवर शंका घेतली गेली. शेवटी १९२६ साली स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेत त्याला सगळ्यांसमोर उभं करून करायला लावलं. एकाच हृदयावर अठरा वेळा त्यानं ते करून दाखवलं. आमच्याकडे क्लायंटसमोर डेमो एकदा नीट झाला तरी पेढे वाटतात.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. मला मात्र खरी गंमत पुढच्या भागात वाटते, आणि हा लेख लिहायचं कारणही तोच भाग आहे.

निरोप पाठवायला द्रव्य सोडलं, ठीक. पण ते तिथेच राहिलं तर? हृदय मंदच राहील. पुढचा निरोप पोचणारच नाही. म्हणजे पाठवणारा जितका हवा, तितकाच पुसणाराही हवा. लोवीनं आपला सहकारी नावरातिल याच्याबरोबर १९२६ साली दाखवलं, की हृदयाच्या ऊतीतच एक विकर आहे. (विकर म्हणजे एन्झाइम, आपल्या पुस्तकातला शब्द मी अजून सोडलेला नाही.) ते विकर व्हेगसच्या द्रव्याचे झटपट तुकडे करून टाकतं. आणि पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलबार नावाच्या विषारी शेंगेतून निघणारं इसेरिन घातलं, की त्या विकराचे हात बांधले जातात आणि द्रव्य टिकून राहतं. ही शेंग तिकडे आरोपीला खायला घालून तो खरा की खोटा ते ठरवायचे. तिचं विष काम कसं करतं, याचं उत्तर ग्रात्समधल्या बेडकानं दिलं. एखादं औषध विकराला अडवून काम करतं, हे इतकं स्पष्टपणे दाखवणारं हे बहुधा पहिलंच काम. आज आपण घेतो त्यातली कितीतरी औषधं याच चालीनं चालतात.

व्हेगसचं द्रव्य म्हणजे असिटिलकोलीन. डेलनं त्याचे गुणधर्म १९१४ सालीच नोंदवले होते, आणि ते इतक्या लवकर नाहीसं होतं त्याअर्थी शरीरात त्याला तोडणारं काहीतरी असावं, असा अंदाजही बांधला होता. १९२९ साली डेल आणि त्याच्या सहकाऱ्यानं ते प्राण्याच्या शरीरातून प्रत्यक्ष वेगळं काढलं. तोडणाऱ्या विकराला आज असिटिलकोलिनएस्टरेज म्हणतात. स्नायूंना हुकूम देणाऱ्या तंतूंतही हेच चालतं का, याबद्दल लोवी स्वतः बराच काळ साशंक होता. ते डेलच्या मंडळींनी सिद्ध केलं. १९३६ साली दोघा मित्रांना मिळून नोबेल मिळालं.

दोन वर्षांनी, मार्च १९३८ मध्ये, नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. त्याच रात्री तीन वाजता हत्यारबंद पोरं लोवीच्या झोपायच्या खोलीत घुसली आणि चौसष्ट वर्षांच्या या माणसाला तुरुंगात नेलं. धाकट्या दोन मुलांनाही पकडलं. आपण मारले जाणार, अशी त्याची खात्री झाली होती. आणि अशा वेळी त्याला कसली काळजी लागावी? शेवटच्या प्रयोगाचा निष्कर्ष अजून छापला नव्हता, याची! पहारेकऱ्याला गळ घालून त्यानं एक पोस्टकार्ड मिळवलं, त्यावर निष्कर्ष लिहिला आणि एका विज्ञान नियतकालिकाच्या पत्त्यावर पाठवायला दिलं. कार्ड गेल्यावर त्याला हायसं वाटलं, असं त्यानं लिहून ठेवलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थोडा रागच आला होता. मुलं कोठडीत आणि ह्याला पोस्टकार्डाचं पडलंय. आता तसा राग येत नाही. ज्या दिवशी आईच्या आजाराचं नाव कळलं, त्या रात्री मी बसून ऑफिसचं एक बारीकसं काम पुरं केलं होतं. हाताला ओळखीचं तेवढंच होतं.

दोनेक महिन्यांनी सुटका झाली. पण देश सोडायची परवानगी फुकट नव्हती. स्टॉकहोमच्या बँकेतले नोबेलचे पैसे नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळते करावे लागले. सप्टेंबर १९३८ मध्ये तो जवळजवळ नेसत्या कपड्यांनिशी निघाला. बायकोला मालमत्तेच्या कारणावरून मागे अडकवून ठेवलं होतं. ती १९४१ साली त्याच्याकडे पोचली. लंडनला डेलनं आधार दिला, मग काही काळ ब्रसेल्स, मग ऑक्सफर्ड, आणि १९४० साली न्यूयॉर्क विद्यापीठ.

न्यूयॉर्कच्या बंदरावरचा प्रसंग विसरता येत नाही. व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी झाली होती, तो दाखला बंद पाकिटात सोबत होता. अधिकाऱ्यानं पाकीट उघडलं तेव्हा लोवीला तो कागद दिसला. डॉक्टरनं शेरा मारला होता, की हा गृहस्थ म्हातारपणानं खचलेला असून स्वतःचं पोट भरायला असमर्थ आहे. त्यात वापरलेला इंग्रजी शब्द आपल्याकडच्या म्हातारचळाच्या फार जवळचा. लोवीला वाटलं, आता परत पाठवतात. अधिकारी भला होता, त्यानं शेऱ्याकडे काणाडोळा केला आणि त्याला आत घेतलं. त्यानंतर या असमर्थ गृहस्थानं वीसेक वर्षं शिकवलं, उन्हाळ्यात वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत तरुण पोरांशी गप्पा मारल्या, १९४६ साली अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, आणि २५ डिसेंबर १९६१ रोजी, ८८ वर्षांचा होऊन गेला.

तो गेल्यावर पंधराएक वर्षांनी संशोधकांना आढळलं, की अल्झायमर झालेल्या मेंदूत असिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशींची यंत्रणा फार खालावलेली असते. नव्यानं बनवता येत नसेल तर आहे ते पुसलं जाऊ देऊ नये, असा साधा विचार पुढे आला. म्हणजे लोवी-नावरातिलचं विकर अडवायचं, पण इसेरिनपेक्षा सौम्य आणि जास्त वेळ टिकणाऱ्या औषधानं. १९९३ साली अमेरिकेत टॅक्रीन आलं, ते यकृताला त्रास द्यायचं. १९९६ साली जपानमध्ये तयार झालेलं डोनेपेझिल आलं. ते आमच्या घरात फ्रीजवरच्या डब्यात असतं.

आपल्या बॅचमधल्या बहुतेकांना माझी आई आठवत असेल. सहलीला माझ्या डब्यात सांबारवड्या असायच्या आणि त्या मला कधीच मिळायच्या नाहीत. चार वर्षांपूर्वी ती सांबारवडीत सांबार घालायला विसरली. आम्ही हसलो. मग एक दिवस ती पुण्यातल्या आमच्याच सोसायटीत, आमच्याच मजल्यावर, चुकीच्या दारासमोर किल्ली लावत उभी असलेली सापडली.

डॉक्टरांनी गोळी सुरू करायच्या आधी ईसीजी काढायला सांगितला. मेंदूच्या गोळीला ईसीजी कशाला, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, या गोळीनं हृदयाची गती मंदावू शकते. मला एकदम ती वाटी आठवली. अर्थात मंदावणारच! मेंदूतलं विकर आणि हृदयातलं विकर एकच. गोळीला काय माहीत, आपल्याला वरच्या मजल्यावर जायचंय. तेच विकर पूर्ण बंद पाडणारी विषंही आहेत. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना माणसं दगावली, तेव्हा वापरात असलेली काही कीटकनाशकं याच जातीची. एकच कुलूप; किल्ली किती फिरवायची, एवढाच काय तो फरक.

मी डॉक्टरांना हेही विचारलं, की यानं तिच्या मेंदूतल्या पेशी वाचतील का. इंटरनेटवर पेशींच्या संरक्षणाबद्दल बरंच वाचलं होतं. काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर तशी चिन्हं दिसतात, ते म्हणाले, पण माणसात ही गोळी रोग थांबवते असं सिद्ध झालेलं नाही. उरलेल्या पेशींचा आवाज थोडा मोठा होतो, इतकंच. काही महिने, नशीब असेल तर थोडं जास्त. पेशी वाचवणारं औषध शोधणं चालू आहे आणि त्यासाठी लोक आता दुसऱ्या विकरांच्याही मागे आहेत.

५ मिलिग्रॅमवर आई खरंच थोडी परतली. नातवाचं नाव न चुकता घेऊ लागली, पेपरातलं शब्दकोडं हातात धरू लागली. १० वर नेल्यावर तिला रात्री भलभलती स्वप्नं पडायला लागली. हाही गोळीचाच गुण. म्हणून गोळी सकाळी द्यायला लागलो. मग मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात चक्कर येऊन बसली. नाडी ४६. पुन्हा ५ वर यायचं की पूर्ण बंद करायची, हे ठरवायला घरात दोन दिवस लागले. भाऊ म्हणत होता, बंद कर, पडली तर खुबा जाईल. मी म्हणत होते, बंद केली तर आपण जाऊ, तिच्या डोक्यातून. मी हे फार वाईट पद्धतीनं बोलले. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ५ वर आलो.

तेव्हापासून रोज रात्री जेवण झाल्यावर मी तिचं मनगट धरून घड्याळाकडे बघत मोजते. बोटाला लावायचं यंत्र घरात आहे, पण हातानं मोजायला बरं वाटतं. नाडी ५० च्या खाली गेली तर फोन करायचा, असं ठरलेलं आहे. ती मला मध्येच बोलायला लावते आणि आकडा चुकतो, मग पुन्हा पहिल्यापासून. परवा मी तिला बेडकाची गोष्ट सांगितली, स्वप्नासकट. तिनं ती नीट ऐकली आणि विचारलं, की त्या माणसाला ते अक्षर शेवटी लागलं का. मी म्हटलं, नाही, स्वप्न परत पडलं म्हणून बरं. ती म्हणाली, मग त्यानं उशाशी पेन्सिल ठेवायला हवी होती, पेन रात्री उठत नाही.

काल ५८ भरली.